मंडळी म्हणजे माणसं



आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती बाया. आमच्या गावातल्या चर्चच्या इमारतीला जुनी माणसं अजून 'देऊळ' म्हणतात. पण देवळात जी माणसं जमतात, त्यांना आम्ही 'मंडळी' म्हणतो. इमारतीला रंग दिला की ती छान दिसते. मंडळीचं तसं नसतं. तिला जपावं लागतं, मधूनमधून दुरुस्तही करावं लागतं. ते आम्ही कसं करायला घेतलं, ते आज सांगणार आहोत. तुमचा बचत गट असो, भजनी मंडळ असो की दूध सोसायटी, तुम्हालाही यातलं काही उपयोगी पडेल.

आधी आमच्या मंडळीचा कारभार कसा चालतो ते सांगतो. या जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. त्या परंपरेत मंडळीचा कारभार सभासदांनी मिळून ठरवायचा, अशी रीत होती. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि आमच्यासारख्या मंडळ्या तिच्यात आल्या. आता आमचे पाळक धर्मप्रांताकडून नेमले जातात. गावातला कारभार पास्टरेट कमिटी पाहते आणि ती कमिटी सभासद निवडून देतात. म्हणजे विचारायचा हक्क आम्हाला आहेच. विचारायची सवय मात्र मोडली होती.

म्हणून वार्षिक सभेच्या आधी आमच्या महिला मंडळानं ठरवलं, दोघी-दोघींनी घरोघर जायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, आपल्या मंडळीत जपण्यासारखं काय आहे? दुसरा, काय सुधारायला हवं? चांगलं काय ते आधी विचारायचं, कारण तक्रारीपासून सुरुवात केली की बोलणं भांडणावर जातं. उत्तर लिहून घ्यायचं, पण नाव लिहायचं नाही. आणि एका घरातलं दुसऱ्या घरात सांगायचं नाही.

जपण्यासारखं काय, याला बहुतेक घरांत एकच उत्तर आलं. "दुखण्याखुपण्याला माणूस येतं." घरात मयत झाली की चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून पिठलं-भाकरी येते. दवाखान्यात रात्री सोबतीला कुणीतरी बसतं. उपदेश किती चांगला झाला, हे फार थोड्यांनी सांगितलं. "दोन रविवार दिसले नाही तर विचारायला आले," हे पुष्कळांनी सांगितलं.

दुसरं उत्तर गाण्यांचं. पेटी, तबला आणि झांजा घेऊन भजन सुरू झालं की म्हाताऱ्या बायाही ताठ बसतात. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणलं, त्यामुळे प्रार्थना आमच्या बोलीत आणि आमच्या चालीत आली. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, याचाही आमच्या बायांना मोठा अभिमान आहे.

तिसरं, शिक्षण. सिंथिया फरार या मिशनरी बाई 1827 साली मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. लेकीला शिकवायचं, ही रीत तेव्हापासून आमच्याकडे आहे. आणि चौथं, सुगीचा सण. नव्या पिकातली ज्वारी, भाजी, अंडी, कोंबडी घेऊन लोक देवळात येतात आणि मग त्यांचा लिलाव होतो. एका अंड्यासाठी चढाओढ लागते आणि हसू आवरत नाही.

आता सुधारायचं काय? इथे माणसं जरा थांबून बोलली. पहिली गोष्ट हिशेबाची. आम्ही बाया रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढतो, ते विकून पैसे मंडळीला देतो. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन बायांनी 1910 पासून अशीच मूठभर तांदळाची रीत चालवली आहे आणि तिच्यावर मोठमोठी कामं उभी केली आहेत. आमच्याकडे एका वर्षी त्या पैशांतून काय झालं, ते कुणी वाचूनच दाखवलं नाही. कुणी पैसे खाल्ले, असं आम्ही म्हणत नाही. पण न सांगितलेल्या हिशेबातून संशय उगवतो, आणि संशय माणसं तोडतो.

दुसरी गोष्ट, झाडलोट आणि स्वयंपाक बायांकडे, ठराव पुरुषांकडे. कमिटीची बैठक रात्री ठेवली तर लेकुरवाळीनं यायचं कसं? 2013 साली आंध्र प्रदेशातल्या नंद्याळ इथे ई. पुष्पललिता या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या महिला बिशप झाल्या. मग गावच्या कमिटीत बाई बसायला काय हरकत आहे? तिसरी गोष्ट तरुण पोरांनी सांगितली. "आम्हाला फक्त खुर्च्या उचलायला बोलावता." आणि एका आजीनं हळूच सांगितलं, "देवापुढं सारे सारखे म्हणतो, पण सोयरीक जमवताना जुनी जात विचारतोच की."

सगळ्यात जास्त बोचलं ते एका विधवा बाईचं उत्तर. ती कितीतरी महिने देवळात आली नव्हती. आम्हाला वाटलं, कुणाशी भांडण झालं असेल. ती म्हणाली, "दानाची थैली रांगेतून फिरत येते. सगळे टाकतात. माझ्या हातात काही नसतं. थैली पुढे सरकवताना जीव नको होतो." इतकी वर्षं ती थैली फिरत होती आणि आमच्यापैकी कुणाच्या हे मनातही आलं नव्हतं.

तेव्हा आम्हाला एक गोष्ट उमगली. हिशेब मागणारी, बैठकीची वेळ बदला म्हणणारी माणसं मंडळीच्या विरोधात नसतात. त्यांना मंडळी आपली वाटते, म्हणून ती बोलतात. ज्याला आपलं वाटेनासं होतं तो बोलत नाही, तो गुपचूप यायचा थांबतो. म्हणून काळजी तक्रारीची करायची नाही, रिकाम्या जागेची करायची.

वार्षिक सभेत आम्ही सगळी उत्तरं वाचून दाखवली, आधी जपण्याची, मग सुधारण्याची. थोडी कुरकूर झाली. पण पाळकसाहेब म्हणाले, "हे ऐकायला हवं होतं." आता दर तीन महिन्यांनी हिशेब वाचला जातो आणि फळ्यावर लागतो. थैली फिरवणं बंद केलं, दाराशी पेटी ठेवली. ज्याला जमेल तो टाकतो, कुणी पाहत नाही. कमिटीत बाया यायच्या आहेत, ते काम अजून राहिलं आहे. पुढच्या निवडणुकीला आम्ही दोन नावं देणार आहोत. सोयरिकीचा प्रश्न तर एका सभेत सुटणारा नाही, पण निदान तो सभेत बोलला गेला.

ती बाई अजून दर रविवारी येत नाही. पण सुगीच्या सणाला मेथीची जुडी घेऊन आली. त्या जुडीवर सगळ्यात मोठी बोली लागली.

तर भगिनींनो, तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला हे दोन प्रश्न विचारून पाहा. आणि बैठक सुरू करण्याआधी एकदा नजर फिरवा, आज कोण आलं नाही? तिच्या घरी आधी जा.

येशू सहाय, आणि तुम्हा सगळ्यांना नमस्कार.