पेटंटची नोटीस आली तर...

समजा, रंगछपाईच्या एका थिकनरवर कुणा कंपनीने पेटंट घेतले आणि तसाच थिकनर वापरता म्हणून तुमच्या कारखान्याला नोटीस आली. आपला माणूस घाबरतो, काम बंद करतो. पण पहिला सवाल विचारावा तो हा: त्या नुस्ख्यात खरोखर शोध आहे काय?

थिकनर म्हणजे रंगाला दाटपणा देणारे द्रव्य. ते नसले तर रंग फैलावतो, नक्षीची रेघ फुटते. रिअॅक्टिव्ह रंगात स्टार्च चालत नाही. रंग सुताऐवजी स्टार्चलाच धरतो आणि कापड कडक होते. म्हणून सोडियम अल्जिनेट घालतात. हे छपाईवाल्यांना ठाऊकच आहे. उद्या कुणी एवढ्यावरच मक्ता मागितला तर कायदा देणार नाही. दोन ओळखीचे गम मिसळून दोघांचे गुण फक्त एकत्र आले, तरी पेटंट कायद्याचे कलम ३(ई) त्याला शोध मानत नाही. मिश्रणातून एखादा अनपेक्षित गुण निघाला, तर मात्र बात वेगळी.

मग 'सहज सुचणारे' कुणाच्या नजरेने ठरवायचे? १९७८ साली सुप्रीम कोर्टापुढे मिर्झापूरच्या भांडी कारखानदाराचे अपील आले. लेथवर भांडे दाबून धरण्याच्या युक्तीचे ते पेटंट होते. पूर्वी भांडे उष्णतेने मऊ होणाऱ्या सिमेंटने चिकटवीत किंवा चकच्या जबड्यात धरीत. ते उडून कामगाराला इजा होण्याचा धोका असे. नवी युक्ती फायद्याची होती, तरी कोर्टाने पेटंट रद्दच ठरवले. कारण लेथवर दुसऱ्या टोकाने दाब देऊन वस्तू धरणे जुनेच होते. त्या धंद्यातल्या जाणकाराला, पेटंट न पाहता, जुन्या माहितीवरून ती गोष्ट सुचली असती काय, ही खरी कसोटी. उत्तर कळल्यावर कोडे सगळ्यांनाच सोपे वाटते; म्हणून अर्जाच्या तारखेआधीची माहितीच धरायची.

नुसते 'हे तर सोपे आहे' म्हणून कुणाचा अर्ज फेटाळताही येत नाही. २०२२ साली दिल्ली हायकोर्टाने एका अपिलात बजावले की जुने काय होते, नवे काय आहे आणि जुन्यावरून नवे कसे सुचते, ही तिन्ही कारणे हुकुमात लिहिली पाहिजेत. २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून अशी अपिले हायकोर्टातच जातात.

पेटंट मिळण्याआधी त्याला कोणीही विरोध करू शकतो. मिळाल्यावर संबंधित माणसाला एक वर्षाची मुदत असते. दावा झाला तरी 'यात शोध नाही' हा बचाव घेता येतो. पण पुरावा लागतो, तोही उघड वापराचा किंवा छापील माहितीचा. नुस्खा घरातच दडवायची आपली जुनी रीत इथे घात करते. तारखेची बिले, छापील माहितीपत्रके, गिऱ्हाइकाला दिलेले नमुने जपून ठेवा. आणि तुम्हालाच नवी गोष्ट सापडली, तर बाजारात दाखवण्याआधी अर्ज करा.