नामांतर आणि सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र

उस्मानाबाद शहराच्या ‘धाराशिव’ या नावास केंद्र शासनाची संमती फेब्रुवारी २०२३ मध्ये मिळाली आणि जिल्ह्याच्या नामांतराची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली. नामांतराने पाट्या व शिक्के बदलतात हे सर्वांस दिसते. परंतु ज्या संस्थेच्या संकेतस्थळाच्या पत्त्यातच जुने नाव गुंफलेले आहे, ती संस्था पत्ता बदलू लागली की एक निराळाच प्रश्न उपस्थित होतो. नवे संकेतस्थळ सुरळीत उघडते. जुन्या पत्त्याने येणाऱ्यास मात्र ‘हा संपर्क सुरक्षित नाही’ अशी सूचना दिसते.

याचे कारण समजण्यासाठी प्रमाणपत्र नेमके कशाची साक्ष देते हे पाहिले पाहिजे. सर्व्हर व ब्राउझर यांमधील मजकूर कूटबद्ध होतो, तो तिऱ्हाइतास वाचता येत नाही, एवढ्याने काम भागत नाही. भामट्याशी कूटभाषेत बोलले तरी गुपित भामट्यालाच कळणार! म्हणून सर्व्हरची जाहीर किल्ली व त्याची नावे एकत्र नोंदवून त्यांवर एका मान्य प्रमाणन-संस्थेची अंकीय स्वाक्षरी घेतलेली असते. ब्राउझर पत्त्यातील नाव या नोंदीशी ताडून पाहतो. त्याला इतिहास ठाऊक नाही. उस्मानाबाद म्हणजेच धाराशिव हे समीकरण त्याच्या लेखी नाही. फार काय, आरंभी ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू’ असलेले व नसलेले नाव ही त्याच्या दृष्टीने दोन नावे होत.

जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची व्यवस्था केली की प्रश्न मिटला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. सुरक्षित संपर्कात ओळख आधी पटवली जाते आणि ‘नव्या पत्त्यावर जा’ हा निरोप त्यानंतर मिळतो. जुन्या नावाची ओळखच पटली नाही, तर निरोप ऐकण्याची वेळच येत नाही. म्हणून जुने नाव वापरात आहे तोवर तेही प्रमाणपत्रात असावे लागते. ते डोमेन सोडून देणे तर अधिकच घातक होय. खाजगी संस्थेने सोडलेले नाव दुसरा कोणीही नोंदवू शकतो, व त्या नावाचे अस्सल प्रमाणपत्रही रीतसर मिळवू शकतो. मग जुन्या पत्त्याने आलेल्या विद्यार्थ्यास वा पेन्शनरास ब्राउझर कोणतीही सूचना देणार नाही.

देवनागरी नावांत ही बाब आणखी सूक्ष्म होते. ‘.भारत’ या प्रत्ययाखाली २०१४ पासून देवनागरी डोमेन नोंदवता येतात. प्रमाणपत्रात मात्र अशा नावाचे रोमन अक्षरांतील सांकेतिक रूपच नोंदवलेले असते. ‘प्युनिकोड’ या पद्धतीने ते सिद्ध होते. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, एकदा साध्या ‘र’नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही सारखे, यंत्रास भिन्न. लिपीच्या अभ्यासकास परिचित असलेला हा भेद सर्व्हर सांभाळणाऱ्यानेही ध्यानात ठेवला पाहिजे.

दुसरा मोठा दोष साखळीचा. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. हे तगर म्हणजे याच जिल्ह्यातील तेर. त्या काळच्या ताम्रपटांचे पत्रे एका कडीत ओवून कडीवर राजमुद्रा ठोकीत, जेणेकरून मधला पत्रा काढता वा बदलता येऊ नये. प्रमाणपत्रांचेही तसेच आहे. सर्व्हरचे प्रमाणपत्र मध्यस्थ संस्थेने स्वाक्षरित केलेले असते, मध्यस्थाचे मूळ संस्थेने; आणि ब्राउझरच्या संग्रहात केवळ मूळ संस्था असते. सर्व्हरने मधले प्रमाणपत्र पाठवले नाही तर दुवा तुटतो. काही ब्राउझर ते स्वतः शोधून आणतात, म्हणून कार्यालयातील संगणकावर सारे ठीक दिसते आणि गावातील फोनवर सूचना येते. अशा वेळी फोनला दोष देणे व्यर्थ. ‘ओपनएसएसएल’मधील ‘एस-क्लायंट’ ही आज्ञा सर्व्हरचे नाव स्पष्ट देऊन चालवावी. सर्व्हर खरोखर किती प्रमाणपत्रे पाठवतो हे तीवरून कळते. नाव न दिल्यास, एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे असताना, भलतेच प्रमाणपत्र समोर येण्याचा संभव असतो.

मध्यस्थाचा विश्वास ढळला तर काय होते, याचे उदाहरण भारतातच घडले. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या प्रमाणन-यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले आणि भारतीय नियंत्रकांनी तिची मध्यस्थ प्रमाणपत्रे रद्द केली.

उरला मुदतीचा दोष. तो ओळखण्यास सर्वांत सोपा. वापरणाऱ्याच्या संगणकाचे घड्याळ मागे पडले असेल तरीही तोच भास होतो, एवढे मात्र तपासावे. कित्येकदा नवे प्रमाणपत्र फायलीत येऊन पडलेले असते, पण सर्व्हरने ते पुन्हा वाचलेले नसते. जुने प्रमाणपत्रच त्याच्या स्मृतीत राहते. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेने नव्वद दिवसांची विनामूल्य प्रमाणपत्रे रूढ केली. प्रमाणन-संस्था व ब्राउझर-निर्माते यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवल्यानुसार १५ मार्च २०२९ पासून कमाल मुदत सत्तेचाळीस दिवसांची राहील. तेव्हा नूतनीकरण आणि त्यानंतर सर्व्हरला ते पुन्हा वाचावयास लावणे, ही दोन्ही कामे यंत्रावरच सोपवावी लागतील. त्यात जुन्या नावाचे प्रमाणपत्रही आले.