फिलाडेल्फियातील सहा महिने

सन १८८६ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, हिवाळी अटलांटिकाचे तुफान सोसून, पंडिता रमाबाई आपल्या मनोरमेला घेऊन फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरल्या, तेव्हा मनोरमेला पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि रमाबाईंच्या या मुक्कामाचा हेतूही अगदी मर्यादित होता. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांच्या निमंत्रणास मान देऊन आनंदीबाई जोशी यांचा ११ मार्चचा पदवीदान समारंभ डोळे भरून पाहावा आणि थोड्याच अवधीत इंग्लंडात चेल्टनहॅमच्या विद्यालयातील आपल्या कामावर पुन्हा रुजू व्हावे, एवढाच त्यांचा बेत होता. प्रत्यक्षात तो मुक्काम सुमारे पावणेतीन वर्षे लांबला, आणि त्याच्या मुळाशी एका शिक्षिकेने पुन्हा विद्यार्थिनी होण्याचा घेतलेला निर्णय होता.

रमाबाईंचे चरित्र सांगताना आपल्याकडे त्यांच्या धर्मांतराचा वाद, शारदासदनावरून पुण्यात उठलेले वादळ आणि केडगावचे मुक्तिसदन यांचाच उल्लेख विस्ताराने होतो. परंतु कलकत्त्याच्या पंडितसभेकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळविलेली, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणासंबंधी साक्ष दिलेली आणि इंग्रज मुलींना संस्कृत शिकविणारी ही अठ्ठावीस वर्षांची विदुषी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बालोद्यानाच्या, म्हणजे किंडरगार्टनच्या, शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गात नाव नोंदवून लहान मुलांच्या पाटांशेजारी शिकाऊ म्हणून बसली, या घटनेचे महत्त्व आपल्या चरित्रकारांनी पुरेसे ओळखले आहे, असे मला वाटत नाही. आणि त्याहूनही उपेक्षित राहिले आहेत ते मार्च ते सप्टेंबर यांमधले सहा महिने, ज्यांत त्यांनी वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी शहर समजून घेतले.

फिलाडेल्फियापासून महासागर नदीमार्गे शंभरेक मैल दूर आहे, तथापि डेलावेअर नदीचे पात्र एवढे प्रशस्त की समुद्रगामी जहाजे थेट शहराच्या काठाशी लागत, आणि त्यामुळे बंदराच्या गावाचे सारे गुणधर्म, परमुलखाच्या माणसांची वर्दळ, नाना भाषा, गोदामे आणि गरीब आगंतुकांच्या दाट वस्त्या, या शहराला पहिल्यापासून लाभले होते. विल्यम पेन याने १६८२ मध्ये आखून दिलेली त्याची रचना काटकोनांची आहे : उत्तरदक्षिण रस्त्यांना क्रमांक, पूर्वपश्चिम रस्त्यांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशी वृक्षांची नावे. काशी किंवा पुणे येथील गल्लीबोळांची सवय असलेल्या माणसाला अशा नगरात वाट सापडणे सोपे. माणसे सापडणे मात्र तितके सोपे नाही, कारण तेथे दारे बंद असतात आणि कोणाकडे कधी जावे याचा अलिखित कायदा नव्याने शिकावा लागतो. रमाबाई आजन्म शाकाहारी राहिल्या. पांढरे लुगडे आणि विधवेचे आखूड केस हा त्यांचा वेष पाहून लोकांचे कुतूहल चाळवे. मार्चची थंडी आपल्याकडील कोणत्याही थंडीशी नाते सांगत नसे. या अडचणी त्यांनी सोसल्या, परंतु त्यांत अडकून पडल्या नाहीत. घरांची मांडणी, हवामान, मोफत सरकारी शाळा, स्त्रियांच्या सभा, धर्मादाय संस्थांचा कारभार यांचे निरीक्षण करण्यास त्यांनी येथे जी सुरुवात केली, तिचेच फळ म्हणजे १८८९ मध्ये मुंबईत छापून निघालेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक होय. त्यात त्या देशाची स्तुती आहे, पण कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष आणि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय यांवर त्यांनी पांघरूण घातलेले नाही. ज्या समाजाच्या मुलांना शिकवायचे त्याचे गुणदोष दोन्ही ज्ञात असावेत, ही शिक्षकाची पहिली पात्रता त्यांच्या ठायी वर्गाबाहेरच सिद्ध झाली होती.

बालोद्यानाच्या ज्या पद्धतीकडे त्या वळल्या, तिचा इतिहासही स्थलांतराचाच आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल याने १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला बालोद्यान हे नाव दिले. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने अशा शाळांवर बंदी घातली, आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या जर्मनांनी ती कल्पना आपल्या सामानसुमानाबरोबर अमेरिकेत नेली. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथे मार्गारेट शुर्झ यांनी १८५६ मध्ये जर्मन भाषेत, तर बॉस्टनमध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी १८६० मध्ये इंग्रजीत असा वर्ग सुरू केला. मुलाच्या हाती प्रथम रंगीत लोकरीचे सहा चेंडू द्यावयाचे, नंतर लाकडी गोल, दंडगोल आणि घन, त्यानंतर आठ लहान घनांत विभागलेला मोठा घन. पुढे कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम, गाणी आणि फेर. अक्षरे येण्यापूर्वी आकार, संख्या आणि सहवास यांचे ज्ञान हातांना व्हावे, हे या साऱ्याचे सूत्र होते. घोकंपट्टीच्या पाठशाळा पाहिलेल्या आणि स्वतः आईच्या मुखातून संस्कृत शिकलेल्या रमाबाईंना या सूत्राचे मोल तत्काळ कळले असावे, यात नवल नाही.

फिलाडेल्फियात त्या वेळी अ‍ॅना हॅलोवेल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी गरिबांच्या वस्त्यांतून मोफत बालवर्ग चालविले होते, आणि १८८७ मध्ये ते शहराच्या शिक्षणमंडळाने आपल्या ताब्यात घेतले. अशा वर्गांच्या शिक्षिकांना त्या काळी मिळणाऱ्या प्रशिक्षणात सामान्यतः सकाळी प्रत्यक्ष मुलांमध्ये काम आणि दुपारनंतर तत्त्वांचा अभ्यास अशी विभागणी असे. आज ज्याला विद्यार्थी-अध्यापन म्हणतात, म्हणजे अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली शिकाऊ शिक्षकाने वर्ग सांभाळणे, त्याचेच ते रूप होय.

याच शहरात १८८७ मध्ये रमाबाईंचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ बॉडली यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या होत्या. डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांसाठीच्या त्यांच्या नियोजित शाळेस दहा वर्षे मदतीची हमी मिळाली. पुढे सान फ्रान्सिस्कोच्या बंदरातून त्या १८८८ च्या अखेरीस जपानमार्गे स्वदेशी निघाल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी, आनंदीबाईंच्या पदवीदानास बरोबर तीन वर्षे होत असता, मुंबईत चौपाटीवर शारदासदन उघडले. तेथील अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या सहधर्मचारिणी झाल्या.

आज महाराष्ट्रातून शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी त्याच शहरात जाणाऱ्या मुलीची तजवीज कशी असते, हे पाहिले म्हणजे काळाचा फरक ध्यानात येतो. पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याप्रमाणे मुलांमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी तिला तीन दाखले मिळवावे लागतात : राज्य पोलिसांकडून गुन्हे नसल्याचा, बालकांवरील अत्याचाराच्या नोंदींत नाव नसल्याचा, आणि बोटांचे ठसे देऊन केंद्रीय तपासयंत्रणेकडून मिळणारा. क्षयरोगाची तपासणी वेगळी. पूर्णवेळ विद्यार्थी-अध्यापन किमान बारा आठवड्यांचे असते. परदेशी विद्यार्थिनीला विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या दप्तरातून आपल्या व्हिसाच्या अटींत ते काम बसते की नाही याची पृच्छा, आणि आवश्यक तेथे लेखी मंजुरी, आधीच करून घ्यावी लागते. घर भाड्याने घेताना मालक आर्थिक पतीचा इतिहास मागतो, आणि नवागताजवळ तो असत नाही. म्हणून बहुधा जामीन शोधावा लागतो, अधिक अनामत ठेवावी लागते किंवा चौघींनी मिळून एकाच भाडेपट्ट्यावर सह्या कराव्या लागतात. हा सारा बंदोबस्त मुलांच्या संरक्षणासाठी आणि व्यवहाराच्या शिस्तीसाठी योग्यच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. खेद आहे तो असा, की ऑगस्टच्या अखेरीस विमानातून उतरणाऱ्या मुलीचे पहिले आठवडे केवळ या दस्तऐवजांतच खर्ची पडतात, आणि ज्या वस्तीतील मुले तिच्या पुढ्यात बसणार ती वस्ती तिने पाहिलेलीच नसते.

त्या मुलांत कृष्णवर्णीय घरांतली, स्पॅनिश बोलणारी, चिनी व व्हिएतनामी कुटुंबांतली अशी अनेक परींची मुले असतात. मूल पाठ समजूनही मान खाली घालून बसले आहे की न समजल्यामुळे, शिक्षिकेला प्रश्न विचारणे त्याच्या घरी धीटपणा मानतात की उद्धटपणा, न्याहारीच न करता आलेले मूल कोणते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नसते. आपल्याकडे गुरुजी वर्गात येताच मुले उभी राहतात. तेथे तसा प्रघात नाही, आणि त्याचा अर्थ अनादर असा लावणारी नवी शिक्षिका विनाकारण दुःखी होते. यातले बरेचसे शाळेच्या दाराबाहेर, बसच्या थांब्यावर, मोहल्ल्याच्या ग्रंथालयात, बाजाराच्या दिवशी कळते.

म्हणून ज्यांची मुलगी या मार्गाने जाणार आहे त्या पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, विद्यापीठाची मुदत आणि व्हिसाचे नियम मान्य करतील तितके लवकर तिला रवाना करावे. दाखल्यांचे अर्ज पहिल्या आठवड्यात द्यावेत, कारण त्यांची उत्तरे येण्यास काळ लागतो, आणि तो काळ तिने खोलीत बसून न घालविता नेमलेल्या शाळेपर्यंतचा रस्ता सकाळच्या वेळी आणि शाळा सुटण्याच्या वेळी पायी चालून पाहावा. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाचे सभासदत्व घेऊन मुलांच्या कथावाचनास जाऊन बसावे. आणि ज्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करावयाचे तिला सत्र उघडण्यापूर्वी एकदा भेटून मुलांच्या नावांचा खरा उच्चार विचारून घ्यावा.