सॉलिड की हायड्रॉलिक? रस्त्यावरच्या इंजिनासाठी कॅमची निवड

वाङ्मय मंडळाच्या अंकात इंजिनावर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये बुलेट सुरू झाली की दोघं-तिघं कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "टॅपेट वाजतोय!" त्या आवाजामागे काय आहे ते पाहू.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये टॅपेटची फट हातानं लावावी लागायची. 2009 च्या क्लासिक 500 मध्ये हायड्रॉलिक टॅपेट होते. तिथे ते काम उरलं नाही. म्हणजे सॉलिड आणि हायड्रॉलिक हा फरक आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेत जुन्या व्ही-8 गाड्या हौसेनं तयार करणाऱ्यांसाठी मात्र ही निवड चुकली तर इंजिनच हातचं जाऊ शकतं. त्यांचं लाडकं इंजिन म्हणजे 1955 मध्ये आलेलं शेवरोले स्मॉल-ब्लॉक.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. 6000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. कॅमचा उंचवटा लिफ्टरला, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला ढकलतो. बंद करायचं काम स्प्रिंगचं. रोलर लिफ्टरच्या तळाशी छोटं चाक असतं. ते घासत नाही, फिरतं. त्यामुळे उंचवट्याचा चढ खडा ठेवता येतो आणि व्हॉल्व्ह लवकर उघडतो. हे चाक दोन्ही प्रकारांत असतं. फरक आहे तो लिफ्टरच्या पोटात.

हायड्रॉलिक लिफ्टरच्या आत छोटा दट्ट्या आणि एकाच दिशेनं तेल जाऊ देणारी झडप असते. इंजिनाचं तेल दट्ट्याखाली भरतं आणि फट आपोआप मिटते. आवाज नाही, सेटिंग नाही. पण वेग फार वाढला आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला आवरू शकली नाही, तर तेल जास्तीची जागाही भरून टाकतं. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि ताकद एकदम पडते. स्मॉल-ब्लॉकमध्ये ही मर्यादा साधारण 6500 आरपीएमच्या आसपास येते.

सॉलिड लिफ्टरमध्ये असा दट्ट्या नसतो. तो हलका आणि ठाम असतो, म्हणून 7000 च्या वरही साथ देतो. बदल्यात अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट फिलर गेजनं लावावी लागते, आणि ती वरचेवर तपासावी लागते.

खरा धोका वेगळाच आहे. सॉलिड रोलरच्या खड्या कॅमला फार कडक स्प्रिंगा लागतात. तो सगळा भार चाकातल्या सुईएवढ्या बारीक बेअरिंगवर येतो. गाडी सिग्नलवर आयडलिंगला उभी असताना क्रँकवरून उडणारं तेल कमी असतं, भार मात्र तसाच. एखादी सुई निसटली की लोखंडाचे कण तेलातून सगळ्या इंजिनभर फिरतात. रेसचं इंजिन थोडा वेळ चालतं आणि मग उघडून तपासलं जातं. रोजची गाडी कोण उघडून बघतो? फट अचानक वाढलेली दिसली, तर नुसती पुन्हा लावून मोकळं होऊ नका. लिफ्टर काढून बघा.

कंपन्यांनी काय केलं? 1967 ते 69 च्या कॅमारो झेड/28 मध्ये सॉलिड लिफ्टर होते, पण सपाट तळाचे. 1987 पासून शेवरोलेनं गाड्यांच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये हायड्रॉलिक रोलर द्यायला सुरुवात केली. 2006 च्या कॉर्व्हेट झेड06 चं 505 हॉर्सपॉवरचं इंजिन हायड्रॉलिक रोलरवरच 7000 पर्यंत जायचं. त्यासाठी इनटेक व्हॉल्व्ह टायटॅनियमचे, वजनाला हलके केले होते.

आणखी एक गोष्ट. कॅटलॉगातला 'ड्युरेशन'चा आकडा दोन्हींसाठी सारखा समजू नका. सॉलिडमध्ये थोडी हालचाल फट मिटवण्यातच जाते, म्हणून तोच आकडा प्रत्यक्षात लहान कॅमसारखा वागतो.

तेव्हा ताकदीचा आकडा बघण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. इंजिन खरोखर किती आरपीएमला फिरवणार? गाडी ट्रॅफिकमध्ये किती वेळ उभी राहणार? व्हॉल्व्ह कव्हर उघडून फट तपासायची सवय आहे का? रोज कॉलेजला, बाजाराला जायची गाडी असेल तर हायड्रॉलिक रोलर घ्या. 7000 च्या वर नियमित जाणार असाल आणि हात काळे करायची तयारी असेल, तरच सॉलिडच्या वाटेला जा.