लाल टोपी, नारिंगी टोपी

मुरूड-श्रीवर्धनकडच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला टाइप वन मधुमेह निघाला, की डॉक्टरांचं जे काही बोलणं होतं ते दहा मिनिटांत आणि आईबापांच्या देखत. मोठा तज्ज्ञ गाठायचा तर मुंबई, म्हणजे श्रीवर्धनहून एसटीत अर्धा दिवस. मोबाइल मात्र उशाशीच असतो. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि उरलेले सगळे प्रश्न तिथे विचारले जाऊ लागले. हे प्रश्न थोडेथोडके नाहीत. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार टाइप वन असलेली वीस वर्षांखालची सर्वाधिक मुलं भारतात आहेत, सव्वादोन लाखांहून जास्त.

ऑनलाइन माहिती म्हटलं की आपल्याला आधी भोंदूगिरी आठवते. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, ‘पंधरा दिवसांत इन्सुलिन बंद’. ती भीती रास्तच आहे. मराठीत ‘मधुमेह’ शोधलं की समोर येतं ते बहुतेक टाइप टूचं, म्हणजे चाळिशीतल्या, पोट सुटलेल्या माणसाचं. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. इन्सुलिन तयारच होत नाही; मग वजन कमी करून किंवा दोन वेळाच जेवून ते येणार कुठून? बाहेरून घेणं थांबवलं की शरीर चरबी जाळत सुटतं, कीटोन साचतात, रक्तातलं आम्ल वाढतं. उलट्या, पोटदुखी, धाप. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल. एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं.

पण मला जास्त धास्ती वाटते ती खऱ्या माहितीची.

इन्सुलिनची सिरिंज हातात घेऊन नीट पाहा. आपल्या औषधाच्या दुकानात बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिट या ताकदीचं मिळतं. त्याच्या सिरिंजच्या सुईवर लाल टोपी असते आणि नळीवरच्या खुणा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. अमेरिका-युरोपात बाटली १०० युनिटांची आणि टोपी नारिंगी. इंजेक्शन कसं घ्यावं हे दाखवणारे सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात समजूतदार व्हिडिओ तिकडचेच. त्यात एक शब्दही खोटा नसतो. पण ते पाहून कोणी नारिंगी टोपीची सिरिंज मागवली आणि आपल्या ४०च्या बाटलीतून दहाच्या खुणेपर्यंत भरली, तर शरीरात जातात फक्त चार युनिट. याच्या उलट, १००च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लावली तर डोस अडीचपट. रात्री झोपेत शुगर कोसळायला तेवढं पुरतं. इन्सुलिनच्या पेनमध्ये आपल्याकडेही सहसा १००ची ताकद असते, त्यामुळे पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढणं हा उद्योग तर अजिबात नको.

आकड्यांचंही तेच. एखादी ब्रिटिश मुलगी व्हिडिओत सांगते, माझी शुगर सात आली, छान. तिकडचं मोजण्याचं एकक वेगळं: तिचा सात म्हणजे आपला १२६; अठराने गुणायचं. हा घोळ निदान हास्यास्पद तरी वाटतो, त्यामुळे लवकर लक्षात येतो.

मडक्याची गोष्ट तितकी सोपी नाही. फ्रिज नसेल तर इन्सुलिन ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा, हा सल्ला जगभर दिला जातो आणि तो योग्यच आहे. पाणी मातीतून झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाते. पण हवेत आधीच बाष्प भरलेलं असेल तर वाफ व्हायची कशी? मे महिन्यात नागपुरात तापमान ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर मडक्याला तत्त्वतः २३ अंशांच्या आसपास उतरता येतं. अलिबागला त्याच दुपारी ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता. तिथे मडकं २८च्या खाली जाऊच शकत नाही. म्हणजे ज्या गावी तापमान कमी, तिथेच मडकं कमी कामाचं. चालू बाटली तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, तेवढ्यापुरतं ते चालेल. न उघडलेल्या साठ्याला दोन ते आठ अंश लागतात. तो मडक्याच्या भरवशावर ठेवून चालत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा हा हिशेब कागदावर राहिला नाही. कितीतरी गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. फ्रिज बंद आणि मोबाइलची रेंजही गेलेली. अशा वेळी इन्सुलिन खराब झालं असेल या भीतीने डोस चुकवणं सर्वांत घातक. उष्णतेने इन्सुलिन हळूहळू कमजोर होतं, एका रात्रीत पाणी होत नाही. घेत राहायचं, शुगर जास्त वेळा तपासायची, जमेल तेव्हा नवी बाटली आणायची.

जेवणाचे तक्तेही परमुलखातले. ब्रेडची एक स्लाइस म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं, हे आपल्या मुलांना पाठ असतं. तांदळाच्या भाकरीचं काय? ५० ग्रॅम पिठाची धरली तर जवळपास ४०. सोबतच्या बांगड्याचं शून्य. आणि शुगर ६०वर येऊन हात कापायला लागले की ‘नैसर्गिक’ म्हणून शहाळं फोडत बसू नये. त्यात १०-१२ ग्रॅम साखर मिळाली तर मिळाली. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. आपल्याकडची अधिकृत माहिती नाहीच असं नाही: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२२मध्ये खास टाइप वनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पण त्या डॉक्टरांसाठी, इंग्रजीत.

रात्री उशिरा शोधले जाणारे प्रश्न वेगळेच असतात. पाळीआधी शुगर का चढते? (संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो.) मित्रांबरोबर बिअर प्यायली तर? यकृत दारू निस्तरण्यात गुंततं, साखर सोडणं मागे पडतं आणि शुगर कित्येक तासांनी, पहाटे कोसळते. लग्न होईल का, मुलं होतील का? होतील, गरोदरपणाआधीपासून शुगर आटोक्यात हवी. बाळाला टाइप वन होण्याची शक्यता आईकडून शंभरात दोन-तीन, वडिलांकडून सहाच्या आसपास. पण हे आईबापांच्या देखत विचारायचं कसं? बऱ्याच देशांत किशोरवयीन रुग्णाला भेटीतला काही वेळ डॉक्टरांशी एकट्याने बोलू देतात. आपल्याकडे आई उठून बाहेर जाऊन बसली, तर नर्सच येऊन विचारते, ‘ताई, काय झालं?’