मुलाबाळांसह आरोंद्यापर्यंत



कारखान्याचा पट्टा पडला, शेवटची गाडी वजनकाट्यावरून गेली, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्याकडे घरोघरी एकच बोलणे सुरू होते. यंदा पोरांना कोकणात न्यायचे का? लग्नसराईतून चार दिवस निघतात, शाळांना सुटी असते, खोडव्याची कामे गड्यावर सोपवता येतात, आणि बिलाचे पैसे हातात पडले असतील तर घरच्या मंडळींना नाही म्हणायला तोंडही उरत नाही. पूर्वी एस.टी.ने जाणारी माणसे आता स्वतःच्या नाहीतर भाड्याच्या गाडीने जातात. गाडीत दोन भावांची कुटुंबे, म्हातारी आई आणि पाच-सहा पोरे. या पाच-सहा पोरांना घेऊन घाट उतरायचा आणि सगळी हसतीखेळती मुक्कामाला पोचवायची कशी, एवढ्याच विषयावर आम्ही इथे लिहिणार आहोत.

आमची धाकटी बहीण आरोंद्याला दिलेली आहे. त्यामुळे हा रस्ता आम्हांला आपल्या बांधासारखा पाठ आहे. आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले तेरेखोल नदीच्या काठचे गाव. नदीच्या पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. जुनी माणसे अजून रत्नागिरी जिल्हा म्हणतात, पण १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. गावात सातेरी भद्रकालीचे देवस्थान आहे. पूर्वी पलीकडे किरणपाणीला जायचे तर तर गाठावी लागे, आता पूल झाला आहे. आपल्या कृष्णाकाठाहून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असे केले तर अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. नुसता ड्रायव्हर असेल तर पाच तासांचे काम. पोरे असतील तर आठ तास धरा, आणि आठच धरा. पाच तासांत पोचायचे ठरवून निघालेल्या गाडीतच भांडणे होतात, पोरे मार खातात आणि घाटात नको तिथे ओव्हरटेक होते.

आपल्याकडे एक रूढ समजूत आहे की रात्री निघावे. का, तर म्हणे पोरे झोपतात आणि कटकट होत नाही. पोरे झोपतात हे खरेच, पण पहाटे दोन ते पाच या वेळेला गाडी हाकणाऱ्याचेही डोळे मिटायला लागतात, आणि त्याला तोंडावर पाणी मारून जागे ठेवता येत नाही. रात्रभर बारे धरणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. पाटाच्या कडेला डुलकी लागली तर वाफा फुटतो, तेवढेच नुकसान. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सतरा मीटरच्या जवळपास पुढे जाते. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर गाडी कोणाच्याच हातात नाही. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की पहाटे पाचला उठून, अंघोळी उरकून, फटफटल्यावर निघायचे आणि दिवस मावळायच्या आत आरोंद्याच्या अंगणात उतरायचे.

आता बसण्याविषयी. हा मुद्दा घरच्या मंडळींना, विशेषतः आजीला, पटवायला कठीण जातो. लहान मूल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायची सगळीकडे पद्धत आहे. "माझ्या हातातनं कुठं जातंय ते?" असे आजी म्हणते. पण भरल्या ट्रॉलीला एकदम ब्रेक लागला की वरच्या मोळ्या पुढे कशा येतात हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गाडी थांबते, मोळी थांबत नाही. मुलाचेही तेच होते. दहा किलोचे पोर धक्क्याच्या क्षणी हातात शेकडो किलोचे होते, आणि ते धरून ठेवणे पैलवानालाही जमायचे नाही. म्हणून मुले मागच्या सीटवर, मोठ्यांना सीटचा पट्टा, आणि लहानाला त्याच्या वयाची वेगळी खुर्ची. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याशिवाय किंवा अशा खुर्चीशिवाय नेले तर हजार रुपये दंड आहे. दंडाची गोष्ट सोडा. मुलांच्या खुर्चीची किंमत ऐकून आमच्या वडीलबंधूंनी कपाळाला हात लावला होता, पण तेवढ्याच पैशाचे खत त्यांनी त्याच आठवड्यात विचार न करता उचलले. दारे आतून मुलांना उघडता येऊ नयेत म्हणून मागच्या दाराच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो निघण्याआधी पाहून घ्यावा. आणि मे महिन्याच्या उन्हात "दोन मिनिटांत आलोच" म्हणून झोपलेले पोर बंद गाडीत ठेवून चहाला जाऊ नये. बंद गाडी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते.

हे लिहिताना एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. लांबच्या प्रवासाला मुलाबाळांसह निघणारी सर्वांत जास्त कुटुंबे आपल्या कारखान्याच्या संबंधातलीच आहेत, आणि ती सभासदांची नव्हेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून तोडणीच्या टोळ्या येतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोप्याचे सामान, शेळ्या, आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली पोरे. रात्रभराचा प्रवास, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आपल्या नातवाला पट्टा बांधताना त्या पोरांची आठवण ठेवली पाहिजे. टोळी ठरवताना, उचल देताना आपल्यातले पुष्कळजण वाहतूकदार म्हणून हजर असतात. माणसे दिवसाउजेडी आणा, बायका-पोरांना ट्रॉलीवर न बसवता वेगळ्या गाडीत बसवा, हे त्याच वेळी बोलून घेता येते. आणि हंगामात रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या? अंधारात त्यांवर मागून आदळणारी गाडी बहुधा असेच एखादे कुटुंब घेऊन निघालेली असते. लाल पत्र्याचा तुकडा लावायला फार खर्च येत नाही.

असो. निपाणी मागे टाकून आजऱ्याच्या रस्त्याला लागलो की पोरांच्या तोंडाकडे बघावे लागते. पोर गप्प झाले, जांभया देऊ लागले, चेहरा पांढरा पडला आणि ओठावर घाम आला, की समजावे गाडी लागली. गाडी लागणे म्हणजे पोटाचा दोष नव्हे. कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. गाडी वळते तसे ते मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. डोळे मात्र गाडीतल्या सीटकडे नाहीतर हातातल्या मोबाईलकडे लागलेले असतात आणि सांगतात की सगळे स्थिर आहे. या दोघांच्या भांडणात उलटी होते. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागत नाही, दोन ते बारा या वयात सर्वांत जास्त लागते. उपाय याच कारणात आहे. मोबाईल काढून घ्यावा, गोष्टीचे पुस्तकही नको. पोराला समोरचा लांबचा रस्ता दिसेल असे बसवावे आणि काच थोडी उघडी ठेवावी, पण डोके बाहेर काढू देऊ नये. उपाशीपोटी नेऊ नये आणि तुडुंब जेवूही घालू नये. आल्याची वडी चघळायला द्यावी, पुष्कळांना बरे वाटते. गोळी द्यायची तर आधी डॉक्टरांना विचारून, मुलाच्या वजनाप्रमाणे, आणि घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी देऊन काही फायदा नाही. आणि पोराला रागावू नये. ते मुद्दाम करत नाही.

खाण्याचे म्हणाल तर हॉटेलातल्या तेलकट वड्यांपेक्षा घरच्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कधीही बरी. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पाणी घरचे न्यावे. उलट्या जास्त झाल्या तर घरच्या घरी करता येणारे औषध सांगून ठेवतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. हे पाणी घोटघोट पाजत राहावे. गटागटा पाजले तर पुन्हा बाहेर येते. मूल मलूल झाले, लघवी होईनाशी झाली, तर मात्र वाटेत दवाखाना दिसेल तिथे गाडी थांबवावी.

मोबाईल काढून घेतल्यावर पोरे करणार काय, असे तुम्ही म्हणाल. आम्ही त्यांना मैलाचे दगड मोजायला लावतो. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्यमार्गाचा. जो आधी ओळखेल त्याला एक शेंगदाण्याची वडी. दुसरा खेळ गाड्यांच्या नंबरांचा. दहा म्हणजे सांगली, नऊ म्हणजे कोल्हापूर, पन्नास कराड. निपाणी कर्नाटकात, तिथे अक्षरेच बदलतात. सात दिसायला लागले की सिंधुदुर्ग जवळ आला. आमची पुतणी सातवीत आहे, तिला आता हा खेळ पोरकट वाटतो. पण पहिला सात नंबर अजून तीच ओरडून सांगते. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवावी आणि पोरांना नुसते उभे न करता चांगले पळू द्यावे. दहा मिनिटे पळालेले पोर पुढचा तासभर शहाणे असते. थांबायचे ते मात्र रस्त्यापासून आत, धाब्याच्या किंवा देवळाच्या आवारात. घाटाच्या वळणावर नव्हे.

आंबोलीला आम्ही हमखास थांबतो. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी हे एक. इथेच हिरण्यकेशीचा उगम आहे. ही नदी पूर्वेला आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिच्या काठाने येताना दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. आंबोलीचा कडा उतरला की ऊस संपतो. काळी माती जाऊन तांबडी येते, घरे जांभ्याच्या चिऱ्यांची होतात, काजू-फणस सुरू होतात. तेरेखोल नदीही याच सह्याद्रीतली, मनोहरगडाच्या डोंगरातून निघते आणि बांद्यावरून आरोंद्याला येऊन थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. एका डोंगरावरचा पाऊस एकीकडे शेकडो कोस फिरून समुद्रात जातो, दुसरीकडे झटदिशी. हे पुस्तकातून शिकवले तर पोरे विसरतात. इथे कड्यावर उभे करून दाखवले तर आठवते. फक्त हात धरून दाखवावे, आणि माकडांपुढे खाऊ काढू नये. पावसाळ्यात हा घाट मुलांना घेऊन शक्यतो टाळावा. धुके दाट असते, दरडी येतात, आणि शनिवार-रविवारी धबधब्याला गर्दी एवढी की गाडी तासन् तास अडकते.

सावंतवाडीहून मळेवाडवरून आरोंदा पंचवीस-तीस किलोमीटर. इथे पोरांचा धीर सुटतो, "आलं का, आलं का" सुरू होते. आता इथून पुढे मोठ्या माणसांनी अधिक सावध व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गाडी पोचली की आपण निर्धास्त होतो, मोठी माणसे चहाला बसतात, आणि पोरे खाडीकडे धावतात. आपली पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली असतात, त्यामुळे त्यांना वाटते आपल्याला पाणी येते. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते, आणि ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे कालच्या अंदाजाचा आज उपयोग नाही. अमावास्या-पौर्णिमेला ओढ जास्त. काठाला वरून टणक दिसणाऱ्या चिखलात गुडघाभर पाय जातो, आणि दगडांवरची कालवे पाय कापतात. बहिणीच्या सासूबाई दरवेळी आम्हांला बजावतात, "पोरांका एकट्यांका सोडू नकात हां. ओहोटी लागली की खाडी वडता." शिरोड्या-रेडीच्या समुद्रावर गेलात तरी तेच. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि पोरे पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने काठावर नुसते बघत उभे राहावे. गप्पा नाहीत, फोन नाही. आम्ही भाऊ-भाऊ पाळी लावतो.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी एस.टी.चा विचार जरूर करावा. पाच वर्षांखाली तिकीट नाही, बारापर्यंत अर्धे. २०२३ पासून बायकांनाही अर्धे तिकीट आहे. ड्रायव्हरची चिंता आपल्याला नाही. मात्र पुढच्या बाजूच्या सीटा धराव्यात, मागे आदळआपट जास्त आणि गाडीही जास्त लागते.

परतताना सावंतवाडीत मोती तलावाजवळ थांबा आणि पोरांना चितार आळीत न्या. तिथली लाकडी फळे, भोवरे आणि चुलबोळकी प्रसिद्ध आहेत. प्रत्येकाला एकेक घ्या, नाहीतर घरापर्यंत भांडणे. पण खेळणी पिशवीत बांधून मागे टाकायची आणि आंबोली चढून गेल्यावरच हातात द्यायची, कारण खाली मान घालून खेळत घाट चढला की गाडी लागलीच म्हणून समजा.