विश्लेषण : संगणकात ‘इंडेक्सिंग’ आपोआप सुरू असावे का?

नव्या संगणकात फाइल शोधण्याची सोय आयतीच मिळते. त्यासाठी एक प्रोग्राम पडद्यामागे सतत फाइली वाचत असतो. तो मूळ प्रणालीतच असावा, की हवा त्याने नंतर घ्यावा, यावर मतभेद आहेत.

इंडेक्सिंग म्हणजे काय?

जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच सूची हा प्रोग्राम फाइलींची करतो. शोध घेताना प्रत्येक फाइल न उघडता ही सूची चाळली जाते, त्यामुळे उत्तर क्षणात मिळते. ॲपलने २००५ मध्ये मॅकवर ‘स्पॉटलाइट’ आणले. विंडोजमध्ये ‘विंडोज सर्च’, तर लिनक्सवरील ग्नोममध्ये पूर्वी ‘ट्रॅकर’ नावाने ओळखला जाणारा प्रोग्राम आणि केडीईमध्ये ‘बालू’ हे काम करतात.

आक्षेप कशावर?

सूची तयार होताना प्रोसेसर, डिस्क आणि बॅटरी खर्ची पडते. जुन्या हार्ड डिस्कवर संगणक मंदावल्याचे लगेच जाणवते. केडीईच्या ‘नेपोमुक’बाबत अशाच तक्रारी होत्या. २०१४ मध्ये त्याची जागा ‘बालू’ने घेतली.

सुरक्षेला धोका कसा?

फाइलीतील मजकूर वाचायचा तर ती उघडावी लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘लिबक्यू’ या लायब्ररीतील त्रुटी उघड झाली. ऑडिओ सीडीतील गाण्यांचा तपशील देणाऱ्या ‘क्यू’ फाइली वाचण्यासाठी ट्रॅकर ती वापरत असे. फसव्या लिंकवर क्लिक होऊन अशी फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये आली, की ट्रॅकर ती स्वतःहून वाचत असे आणि हल्लेखोराचा कोड चालू शकत असे. वापरकर्त्याने फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. ही त्रुटी नंतर दूर करण्यात आली.

मग तो काढूनच टाकावा का?

तसे केल्यास फाइल कुठे ठेवली हे न आठवणाऱ्या सामान्य वापरकर्त्याचीच अडचण होईल. सेटिंग शोधून अशी सोय सुरू करणारे थोडेच असतात. त्यामुळे मधला मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो : फाइलींच्या नावांची सूची आपोआप व्हावी, आतला मजकूर मात्र परवानगी घेऊनच वाचला जावा. लिनक्सवरील ‘लोकेट’ केवळ नावे आणि ठिकाणे नोंदवते. त्यासाठी फाइल उघडावी लागत नाही.

सध्या काय करता येईल?

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘क्लासिक’ पर्याय निवडल्यास शोध ठरावीक फोल्डरपुरता राहतो. ‘एनहान्स्ड’ निवडल्यास संपूर्ण संगणकाची सूची होते. नको ते फोल्डर वगळण्याची सोय विंडोज आणि मॅक दोन्हींत आहे.